प्रोसेसरला झोपवायचं कसं? कमी विजेवर चालणारी रिस्क चिप शिकण्याचा एक रस्ता

तासगावजवळ मामांची द्राक्षबाग आहे. तिथं मी एक छोटी डबी टांगली होती. आत बटणसेल, एक चिप, पानाचा ओलावा ओळखणारी पट्टी आणि तापमानासाठी थर्मिस्टर. ऑक्टोबर छाटणीनंतर पानं किती तास ओली राहतात ते कळलं तर डाऊनी या पानांवरच्या रोगाच्या फवारणीचा अंदाज बांधता येतो, एवढाच हेतू. शेतातली थ्री-फेज कधी दिवसा, कधी रात्री, म्हणून सेलवर चालणारंच काहीतरी हवं होतं. 'दोन वर्षं सेल बदलायला नको,' असं मी छातीठोकपणे सांगून आलो. दीड महिन्यात मामांचा फोन आला, "अरे, तुझं यंत्र गार पडलं की रे!"

प्रोग्राम बरोबर होता, रीडिंगही बरोबर येत होती. प्रोसेसरकडून काम करून घ्यायला मी शिकलो होतो, त्याला झोपवायला शिकलो नव्हतो. सांगलीत विश्रामबागेतली इंजिनिअरिंगची पोरं माझ्याकडे येतात, त्यांचंही तेच होतं. अर्डुइनो या शिकाऊ बोर्डावर दिवा लुकलुकवलेला असतो, सेन्सर जोडलेला असतो, पण चिपच्या आत काय चाललंय याचा पत्ता नसतो. मला ज्या क्रमानं शिकायला मिळायला हवं होतं, त्या क्रमानं खाली लिहितो. थोडं सी आणि हेक्साडेसिमल आकडे वाचता येणं एवढं पुरे.

चिप कोणती घ्यायची

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एमएसपी४३० घ्या, त्यातली जी२५५३. १६ बिटची, १६ किलोबाइट फ्लॅश, ५१२ बाइट रॅम, १.८ ते ३.६ व्होल्टवर चालणारी. २० पायांची डीआयपी मिळते, म्हणजे ब्रेडबोर्डवर सरळ बसते. लाँचपॅड नावाचा बोर्ड यासाठीच आहे. २०१० मध्ये तो ४.३० डॉलरला आला होता, चिपच्या नावावरून लावलेली किंमत! आता महाग आहे, पण त्यात प्रोग्रामर आणि डिबगर दोन्ही असल्यानं वेगळं काही घ्यावं लागत नाही. बोर्ड ऑनलाइन मागवा; रेझिस्टर, कपॅसिटर, ब्रेडबोर्ड गावातल्या दुकानात मिळतात.

'आजकाल सगळे एआरएम जातीच्या चिपा वापरतात, मग ही जुनी कशाला?' हा प्रश्न दर वेळी येतो. कारण ही चिप डोक्यात मावते. मूळ सूचना फक्त २७. आणखी २४ सूचना असेंब्लरमध्ये दिसतात, पण त्या या २७ चीच टोपणनावं आहेत. रजिस्टर, म्हणजे सीपीयूच्या आतले आकडे ठेवायचे कप्पे, १६. एवढा संसार एका पानावर मांडता येतो आणि आठवड्यात पाठ होतो. एआरएमच्या साध्यातल्या साध्या चिपचं मॅन्युअल उघडलं, तर क्लॉक चालू करण्याच्या प्रकरणातच माणूस दमतो.

रिस्क म्हणजे मोजक्या, साध्या सूचनांवर चालणारी चिप. सोवळ्यातले लोक म्हणतील की ही खरी रिस्क नव्हेच, कारण ती मेमरीतल्या आकड्यावर थेट गणित करते. खऱ्या रिस्कमध्ये आधी रजिस्टरमध्ये आणायचं, गणित करायचं, मग परत ठेवायचं. त्यांचं खरं आहे. पण शिकणाऱ्याला त्यानं काही अडत नाही, उलट पुढे एआरएमकडे गेल्यावर फरक हातानं तपासता येतो.

पहिली पायरी: कॉम्प्युटर बंद, वही उघडी

एका पानावर आर० ते आर१५ असे सोळा चौकोन काढा. आर० हा प्रोग्राम काउंटर, म्हणजे पुढची सूचना कुठं आहे त्याचा पत्ता. आर१ स्टॅक पॉइंटर, म्हणजे स्टॅक या तात्पुरत्या ठेवींच्या ढिगाचा माथा कुठं आहे त्याचा पत्ता. आर२ स्टेटस रजिस्टर, चिपची सध्याची अवस्था सांगणारे बिट त्यात. आर३ ला स्वतःचं असं घर नाही, तो स्थिरांक पुरवतो. ते खाली बघू. आर४ ते आर१५ आपल्याला मोकळे.

शेजारी मेमरीचा उभा पट्टा काढा. तळाला, हेक्समध्ये ०२०० पासून ०३एफएफ पर्यंत रॅम. वर सी००० पासून एफएफएफएफ पर्यंत फ्लॅश. अगदी टोकाला, एफएफएफई या पत्त्यावर रीसेट व्हेक्टर, म्हणजे चिप चालू झाली की प्रोग्राम कुठून सुरू करायचा त्याचा पत्ता. रॅमच्याही खाली, ००२१ आणि ००२२ अशा पत्त्यांवर पोर्ट १ ची, म्हणजे आठ पिनांच्या एका गटाची रजिस्टर. प्रोग्राम, डेटा आणि पिना, सगळे एकाच गल्लीत राहतात. पिन उघडझाप करणं म्हणजे त्या गल्लीतल्या एका घरात आकडा टाकणं, बाकी जादू नाही.

हे पान भिंतीला चिकटवा. माझं तीन वर्षं होतं.

दुसरी पायरी: सूचना हातानं फोडा

हा भाग कंटाळवाणा म्हणून पोरं टाळतात, आणि नेमकी इथंच चिप कळते. दोन ऑपरेंडची सूचना म्हणजे चार हेक्स आकडे. पहिला आकडा काय करायचं ते सांगतो: ४ म्हणजे मूव्ह, ५ म्हणजे ॲड. दुसरा आकडा कुठून घ्यायचं ते रजिस्टर. चौथा आकडा कुठं ठेवायचं ते रजिस्टर. तिसऱ्या आकड्याच्या चार बिटांत बाकीची पद्धत: शेवटचे दोन बिट सांगतात की उगमाकडून आकडा कसा घ्यायचा, त्याआधीचा बिट बाइट की वर्ड ते सांगतो, आणि सर्वांत डावीकडचा बिट मुक्कामाची पद्धत.

आता ४५०६ घ्या. मूव्ह, आर५ मधून, साध्या पद्धतीनं, आर६ मध्ये. ५५०६ म्हणजे आर५ ची आर६ मध्ये बेरीज. एवढं सोपं.

पुढचा घ्या: ५३१५. ॲड, उगम आर३, पद्धत १, मुक्काम आर५. आर३ ला घर नाही असं वर म्हटलं. त्याच्याकडे ० पद्धतीनं गेलात तर तो ० देतो, १ पद्धतीनं गेलात तर १, २ ला २ आणि ३ ला उणे १. आर२ कडूनही ४ आणि ८ मिळतात. म्हणजे ५३१५ हे 'आर५ मध्ये १ मिळव'. असेंब्लरमध्ये याला आयएनसी हे वेगळं नाव आहे, पण आत ती ॲडच. टोपणनाव म्हणतो ते हे.

५ मिळवायचे असतील तर? ५ कुणाच्या खिशात नाही, म्हणून दोन शब्द लागतात: ५०३५ आणि मागोमाग ०००५. इथं उगम आर०, म्हणजे खुद्द प्रोग्राम काउंटर, आणि पद्धत ३: 'ज्या पत्त्याकडे बोट आहे तिथला आकडा घे आणि एक घर पुढं सरक.' प्रोग्राम काउंटरचं बोट त्या क्षणी पुढच्या शब्दावर, म्हणजे ०००५ वर असतं. तो उचलला जातो, काउंटर पुढं सरकतो, आणि पुढची सूचना आपोआप हाताशी येते. थेट आकडा देण्यासाठी वेगळं यंत्र बनवलेलंच नाही! हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी रात्री साडेअकराला एकटाच हसलो होतो.

शेवटचा, ४१३०. मूव्ह, उगम आर१ म्हणजे स्टॅक पॉइंटर, पद्धत ३, मुक्काम आर०. स्टॅकवरचा पत्ता उचलून प्रोग्राम काउंटरमध्ये टाक. फंक्शनमधून परत येणं म्हणतात ते हेच. आता ४३०३ काय करतं ते स्वतः फोडा. उत्तर 'काहीच नाही' असं आलं पाहिजे. आणि ५२३५ फोडा. मेमरीत बघताना ४५०६ हे ०६ ४५ असं उलटं दिसेल, कारण इथं धाकटा बाइट आधी ठेवतात. त्यानं दचकू नका.

अशा वीस सूचना फोडल्या, की सोळा रजिस्टरांत काय हलतं ते डोळ्यांपुढं दिसू लागतं.

तिसरी पायरी: असेंब्लीत दिवा

आता कॉम्प्युटर. एमएसपी४३० साठीचा जीसीसी हा कंपायलर आणि एमएसपीडीबग हा छोटा डिबगर, दोन्ही फुकट. एनर्जिया हे अर्डुइनोसारखं वातावरणही आहे, पण सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नका. आपल्याला जे बघायचंय नेमकं तेच ते झाकतं.

प्रोग्राम सात-आठ ओळींचा. स्टॅक पॉइंटरमध्ये ०४०० टाका. वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर चिप रीसेट करणारा टायमर) बंद करण्यासाठी ०१२० या पत्त्यावर ५ए८० टाका; यातला ५ए हा पासवर्ड, तो चुकला तर चिप रीसेट. मग पोर्ट १ च्या दिशा-रजिस्टरमध्ये शून्याव्या बिटावर बीआयएस करा, म्हणजे तेवढाच बिट १ करा. मूव्ह नको, कारण मूव्ह बाकीच्या सात पिनाही बदलून टाकतं. मग लूप: आउटपुट रजिस्टरवर एक्सऑर १ (बिट उलटा होतो), आर१५ मध्ये ५००००, आर१५ एकेक करत शून्यावर आणा, परत वर.

थांबण्याचा वेळ कागदावर मोजा. आर१५ एकनं कमी करायला १ सायकल, उडीला २. उडी पडो वा न पडो, २ च. ५०००० गुणिले ३ म्हणजे दीड लाख सायकली. रीसेटनंतर क्लॉक साधारण १.१ मेगाहर्ट्झ असतं, म्हणजे सेकंदाचा अंदाजे सातवा भाग.

आता मुद्दाम वॉचडॉगची ओळ काढा. बऱ्याच जणांना वाटतं दिवा लागणारच नाही. तो लागतो, पण थरथरल्यासारखा, फार वेगानं. कारण दर ३२७६८ सायकलींनी, म्हणजे सुमारे ३० मिलिसेकंदांनी वॉचडॉग चिपला कान धरून पहिल्या ओळीवर आणतो. या रीसेटमध्ये दिशा-रजिस्टर पुसलं जातं, आउटपुट रजिस्टर मात्र तसंच राहतं. त्यामुळे दर फेरीला एक एक्सऑर होतो आणि दिवा फडफडतो. असली लक्षणं ओळखीची झाली की पुढं तास वाचतात.

डिबगरमध्ये एकेक सूचना पुढं सरकवत रजिस्टर बघा, भिंतीवरच्या पानाशी ताडा. मग तोच प्रोग्राम सी मध्ये लिहा आणि कंपायलरनं काय बनवलं ते डिसअसेंबल करून, म्हणजे आकड्यांच्या परत सूचना करून वाचा. ऑप्टिमायझेशन चालू केलं की थांबण्याचा रिकामा लूप कंपायलर कचरा म्हणून फेकून देतो आणि दिवा सतत लागल्यासारखा दिसतो. 'हे काढू नको' असं कंपायलरला सांगणारा व्होलाटाइल हा शब्द कशाला असतो, ते त्या दिवशी कळतं.

चौथी पायरी: झोप

मोकळ्या लूपमध्ये वाट बघणं म्हणजे पाहुणे कधी येतील म्हणून मोटारसायकल दारात चालू ठेवणं. ही चिप ३ व्होल्ट, १ मेगाहर्ट्झला जागी असली तर साधारण ३३० मायक्रोअँप खाते. सीआर२०३२ बटणसेलमध्ये सुमारे २२० मिलिअँप-तास असतात. भागाकार करा: २८ दिवसांच्या आत सेल संपला.

झोपेचे पाच प्रकार (एलपीएम, म्हणजे लो पॉवर मोड) आहेत, कामाचे तीन. एलपीएम० मध्ये फक्त सीपीयू झोपतो, वेगवान क्लॉक चालूच. एलपीएम३ मध्ये फक्त ३२७६८ हर्ट्झच्या क्रिस्टलचं मंद क्लॉक जागं राहतं आणि खर्च १ मायक्रोअँपच्या आत येतो. एलपीएम४ मध्ये सगळं बंद, बाहेरून कुणी पिन हलवली तरच जाग. आपलं काम एलपीएम३ मध्ये.

झोपण्यासाठी वेगळी सूचना नाही, ही या चिपची खरी खुबी. स्टेटस रजिस्टरमध्येच चार बिट आहेत. त्यातले हवे ते १ केले की क्लॉक बंद. एलपीएम३ आणि इंटरप्टची (टायमर किंवा पिन मध्येच मारते ती हाक) परवानगी मिळून तो आकडा होतो ००डी८. म्हणजे झोप ही बीआयएस ची एक ओळ.

आता जाग कशी येते ते जवळून बघा. असेंब्लीतला प्रोग्राम झोपला आहे, स्टॅक ०४०० वर. टायमर वाजतो. चिप प्रोग्राम काउंटर ०३एफई वर ठेवते, स्टेटस रजिस्टर ०३एफसी वर ठेवते, आणि मग स्टेटस रजिस्टर पुसते. पुसलं म्हणजे झोपेचे बिटही गेले, म्हणून सीपीयू जागा! इंटरप्टचं काम झालं की आरईटीआय ही परतीची सूचना स्टॅकवरचं जुनं स्टेटस परत आणते. त्यात ००डी८ असतं, म्हणून चिप पुन्हा झोपते. काहीही न करता.

पण मुख्य प्रोग्रामनं पुढं काही करावं असं वाटत असेल, तर? जागेपणी स्टेटस रजिस्टर बदलून उपयोग नाही, आरईटीआय ते झाकून टाकणार. इंटरप्टमध्ये असताना स्टॅकवरच्या ०३एफसी मधले झोपेचे बिट पुसावे लागतात. सी मध्ये यासाठी 'ऑन एक्झिट' असं नाव असलेलं तयार फंक्शन मिळतं. पोरं ते पाठ करून वापरतात. तुम्ही डिबगरमध्ये इंटरप्टच्या पहिल्या ओळीवर थांबा, ०३एफसी पासून चार बाइट बघा: डी८ ००, मग परतीचा पत्ता. आधी आणि नंतर. एकदा डोळ्यांनी बघितलं की जन्मभर विसरत नाही.

टायमरचा हिशेब: ३२७६८ ला ८ नं भागा, ४०९६ हर्ट्झ. काउंटरला ४०९५९ पर्यंत मोजायला लावा (शून्य धरून ४०९६०), बरोबर १० सेकंद. काउंटर १६ बिटचा, म्हणून एका दमात १६ सेकंदांच्या पलीकडे जात नाही. दहा मिनिटं हवी असतील तर ६० वेळा उठून, एक आकडा वाढवून, परत झोपायचं. क्रिस्टल नसेल तर आतलं सुमारे १२ किलोहर्ट्झचं घड्याळ वापरता येतं, पण ते चिपागणिक ४ ते २० मध्ये कुठंही असू शकतं. वेळ पाळायची असेल तर नको.

पाचवी पायरी: मोजा, नाहीतर झोपलंय कशावरून?

लाँचपॅडवर डिबगर आणि चिप यांच्यामध्ये जंपरची, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या जोडण्यांची रांग असते. झोपेचा करंट मोजताना सगळे जंपर काढायचे. फक्त व्हीसीसीच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जागी मीटर लावून बाकीचे तसेच ठेवले, तर सिरीयलच्या पिनांतून करंट आत-बाहेर झिरपतो आणि मीटर खोटं बोलतं. १९८५ मध्ये केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत पहिली एआरएम चिप आली, तेव्हा ती पुरवठ्याची तार न जोडताच चालत होती. बाकीच्या पिनांतून झिरपणाऱ्या विजेवर! तुमच्याही टेबलावर तेच घडू शकतं.

साध्या मल्टिमीटरची दुसरी खोड म्हणजे २०० मायक्रोअँपच्या रेंजवर आत बहुधा १ किलोओहमच्या आसपास रेझिस्टर असतो. चिप झोपेत असताना ठीक, जागी होऊन करंट वाढला की व्होल्टेज पडतं, कधी चिप रीसेट होते. यावर माझा उपाय स्वस्त आहे. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३ व्होल्टला भरा, चिपला तेवढ्यावरच सोडा, आणि २.५ व्होल्टला यायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. अर्धा व्होल्ट गुणिले १००० म्हणजे ५०० मायक्रोकूलंब. १ मायक्रोअँप खर्च असेल तर ५०० सेकंद, सव्वाआठ मिनिटं. मीटर सतत लावून ठेवू नका, त्याचे १० मेगाओहमसुद्धा ०.३ मायक्रोअँप पितात. सुरुवातीला आणि शेवटी टेकवा. आणि आधी चिप न जोडता एकदा कपॅसिटर स्वतः किती गळतो ते मोजून वजा करा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बरेच गळके असतात.

माझ्या डबीचं काय झालं होतं

तीन चुका सापडल्या. थर्मिस्टर १० किलोओहमचा, त्याच्या जोडीला १० किलोओहमचा रेझिस्टर, दोन्ही थेट सेलला. ३ व्होल्टला १५० मायक्रोअँप, रात्रंदिवस. एवढ्यानंच सेल दोन महिन्यांत बसला असता. दुसरी, मी एलपीएम० मध्ये झोपत होतो आणि त्याला झोप समजत होतो. तिसरी, न वापरलेल्या पिना इनपुट म्हणून अधांतरी सोडल्या होत्या. त्या ना धड ० ना धड १ अशा तरंगतात आणि आतले ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे राहून वीज खातात.

दुरुस्ती अशी. थर्मिस्टरची जोडी सेलऐवजी एका पोर्ट पिनला जोडली. मोजायच्या वेळी पिन उंच, क्षणभर थांब, एडीसीनं (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) वाच, पिन खाली. मोकळ्या पिना आउटपुट करून शून्यावर ठेवल्या, पण पी२.६ आणि पी२.७ सोडून. तिथं क्रिस्टल असतं, आणि 'सगळा पोर्ट २ आउटपुट' अशी सरसकट ओळ लिहिली की क्रिस्टल मुकं होतं. ओलाव्याच्या पट्टीला दोन पिनांवरून आळीपाळीनं उलटसुलट व्होल्टेज दिलं. एकाच दिशेनं देत राहिलं तर ओल्या पानासारखीच ओली पट्टी मुलामा चढवल्यासारखी खराब होते. बोर्डो हे बुरशीनाशक फवारल्यावर पट्टी कोरडी असूनही ओली दाखवायची, म्हणून फवारणीनंतर ती पुसायची हे मामांच्या कामात वाढलं. त्यावर त्यांनी काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

नवा हिशेब: झोप ०.७ मायक्रोअँप. दर मिनिटाला ५ मिलिसेकंद जाग धरली, तरी ३३० चा सरासरी वाटा ०.०३ सुद्धा होत नाही. कागदावर सेल तीस वर्षांच्या वर जातो. अर्थात त्याआधी सेल स्वतःच म्हातारा होईल. आणि याच डबीत 'चालू आहे' दाखवायला २ मिलिअँपचा दिवा सतत लावला असता, तर साडेचार दिवस.

पुढं कुठं जायचं

इथवर दीड-दोन महिने लागतात, रोज तासभर दिला तर. मग एआरएम कॉर्टेक्स-एम०+ चा एखादा बोर्ड घ्या आणि तोच दिव्याचा प्रोग्राम डिसअसेंबल करून दोन्ही शेजारी ठेवा. एमएसपी४३० वर पोर्टवरचा एक्सऑर ही एक सूचना होती. एआरएमवर तिथं तीन दिसतील: आणा, एक्सऑर करा, ठेवा. इंटरप्टमध्ये उलट एआरएम जास्त काम आपणहून करतो, आर० ते आर३ सकट आठ रजिस्टर स्वतः स्टॅकवर ठेवतो. झोपेसाठी त्याच्याकडे डब्ल्यूएफआय ही वेगळी सूचना आहे, आणि काम झाल्यावर परत झोपायचं असेल तर 'स्लीप ऑन एक्झिट' नावाचा बिट. नाव ओळखीचं वाटेल, पण अर्थ उलटा आहे. तिथं 'ऑन एक्झिट' म्हणजे बाहेर पडताना झोप, आपल्या फंक्शनमध्ये बाहेर पडताना जाग.

रिस्क-व्ही ही तिसरी जात बघायची असेल तर सीएच३२व्ही००३ ही स्वस्त चिप आहे, २ किलोबाइट रॅम आणि १६ च रजिस्टर. भिंतीवरचं जुनं पान तिथंही चालेल, फक्त एक्स० च्या चौकोनात कायमचं शून्य लिहा. आर३ चा चुलतभाऊच तो.

आणि ५२३५ फोडलं असेल तर ताडून बघा: आर५ मध्ये ८.